आधी अवघड घर भरा

सोलापूर शहराचा एसटीडी कोड ०२१७ आहे. ०, २, १ आणि ७ या चार अंकांपासून, प्रत्येक अंक एकदाच वापरून, चार अंकी संख्या किती तयार होतील? शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून तलाठी आणि पोलीस भरतीच्या पेपरांपर्यंत हा प्रश्न नुसते अंक बदलून पुन्हा पुन्हा भेटतो. पुष्कळ मुले चटकन २४ म्हणतात. अंक चार, म्हणून ४ × ३ × २ × १. गुणाकार बरोबर आहे, उत्तर चूक आहे. खरे उत्तर १८.

चूक शून्याच्या जागी होते. हजाराच्या घरात शून्य बसले की संख्या चार अंकी राहतच नाही; ०२१७ ही संख्या म्हणून वाचली तर ती नुसती २१७ आहे. तेव्हा पहिल्या घरासाठी उमेदवार तीनच: २, १ किंवा ७. त्यातला एक बसला की शतकाच्या घरासाठी उरलेले दोन अधिक शून्य, असे पुन्हा तीन. दशकाला दोन, एककाला एक. ३ × ३ × २ × १ म्हणजे १८. विश्वास बसत नसेल तर यादी करून पाहावी, एवढी लहान यादी करायला हरकत नाही: १०२७, १०७२, १२०७, १२७०, १७०२, १७२०; २०१७, २०७१, २१०७, २१७०, २७०१, २७१०; ७०१२, ७०२१, ७१०२, ७१२०, ७२०१, ७२१०. तीन ओळी, प्रत्येकीत सहा.

फोन लावताना मात्र पहिल्या शून्याला पूर्ण किंमत असते. ते गाळले तर दुसऱ्या गावाहून फोन सोलापूरला लागत नाही. म्हणून प्रश्न 'या अंकांचे किती कोड होतील' असा असता तर २४ हेच उत्तर बरोबर ठरले असते. अंक तेच, गुणाकाराची रीतही तीच. बदलते ती एका घरावरची अट. या विषयातले जवळजवळ सगळे डावपेच या एका गोष्टीतून निघतात. ज्या घरावर अट आहे, ते घर आधी भरावे. मोकळी घरे आपोआप भरली जातात.

हे किती उपयोगाचे आहे ते पुढच्या प्रश्नात कळते. याच १८ संख्यांपैकी विषम किती? डावीकडून भरत गेलात तर अडखळाल. हजाराच्या घरात २ ठेवला तर एककासाठी १ आणि ७ दोन्ही मोकळे असतात, पण हजाराच्या घरातच ७ ठेवला तर एककासाठी फक्त १ उरतो. गुणाकार करायला प्रत्येक पर्यायामागे पुढचे पर्याय सारखेच असावे लागतात आणि इथे ते सारखे नाहीत. आता एककाचे घर आधी भरा. तिथे १ किंवा ७, दोन पर्याय. मग दुसरे अवघड घर, हजाराचे: शून्य चालत नाही, एककाला वापरलेला अंक संपला, राहिले दोन. मग मधल्या दोन घरांसाठी दोन आणि एक. २ × २ × २ × १ म्हणजे आठ विषम संख्या. सम संख्या मोजताना शून्य दुहेरी भूमिकेत येते: ते एककाला चालते, हजाराला चालत नाही. म्हणून दोन तुकडे करावे लागतात. एककाला ० असेल तर उरलेले तीन अंक तीन घरांत सहा प्रकारे; एककाला २ असेल तर हजाराला १ किंवा ७, मग दोन, मग एक, असे चार प्रकार. सहा आणि चार मिळून दहा, आणि आठ विषम धरून बरोबर अठरा. दोन वेगळ्या वाटांनी मोजून बेरीज जुळते का ते पाहणे, हा या गणितातला सर्वांत भरवशाचा पडताळा आहे. मुलांना सूत्राआधी ही सवय लागायला हवी, असे मला मनापासून वाटते.

अंक पुन्हा आले की दुसरी अडचण उभी राहते. सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१३००१. या सहा अंकांत १ दोनदा आहे आणि ० दोनदा आहे. सहा वेगळे अंक असते तर ७२० मांडण्या झाल्या असत्या. पण दोन १ ची आपसात अदलाबदल केली तर संख्या बदलत नाही, म्हणून प्रत्येक मांडणी आपण दोनदा मोजलेली असते, शून्यांचेही तसेच. ७२० ला दोनदा दोनाने भागले की १८० उरतात. त्यांतल्या किती शून्याने सुरू होतात? पहिल्या घरात शून्य ठेवले की मागे ४, १, ३, ०, १ हे पाच अंक राहतात, त्यांत फक्त १ दोनदा. १२० भागिले २, म्हणजे ६०. तेव्हा खऱ्या सहा अंकी संख्या १२०. हेच आणखी सोपे करून पाहता येते: सहा अंकांत दोन शून्ये आहेत, म्हणजे एकूण मांडण्यांच्या एक तृतीयांश मांडण्यांत पहिल्या घरात शून्य असणार. १८० चे दोन तृतीयांश, १२०. भारतातला कोणताही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे टपाल खात्यालाही हीच १२० ची यादी चालली असती.

हे सारे आपल्याला इंग्रजी शाळेने शिकवले, अशी समजूत असते. कारण अकरावीत ते एनपीआर, एनसीआर अशा अक्षरांनी भेटते. प्रत्यक्षात 'दिलेल्या अंकांपासून किती संख्या' हा नेमका प्रश्न, याच शब्दांच्या जवळपास, भास्कराचार्यांनी 'लीलावती'त विचारला आहे. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा त्यांचा जन्म. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पूर्ण केला, आणि 'लीलावती' हा त्यातला अंकगणिताचा भाग. त्यांचे गाव विज्जडवीड. ते कोणते, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत, सोलापूरच्या शेजारच्या विजापूरचेही नाव त्यात पुढे आले होते. पण भास्कराचार्य स्वतः ते सह्याद्रीच्या आश्रयाचे गाव म्हणतात. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला, त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथल्या देवळात आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणिताच्या ग्रंथांसाठी मठ आणि त्या मठाला दान, ही गोष्ट महाराष्ट्राच्या मातीत घडलेली आहे.

'लीलावती'चे शेवटचे प्रकरण 'अंकपाश'. रीत आपण वर केली तीच: जितकी स्थाने तितक्यांपर्यंत एकापासून अंक मांडावेत आणि त्यांचा गुणाकार करावा. पण भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. किती संख्या होतात एवढे विचारून झाल्यावर ते त्या सगळ्या संख्यांची बेरीजही विचारतात, आणि आजच्या क्रमिक पुस्तकात हा भाग फारसा नसतो याचे वाईट वाटते, कारण सौंदर्य त्यातच आहे. ३, ९ आणि ८ घ्या. संख्या सहा. प्रत्येक अंक प्रत्येक घरात किती वेळा येतो? सहा मांडण्या, तीन अंक, कोणालाही झुकते माप नाही, म्हणून दोनदा. तिन्ही अंकांची बेरीज २०. म्हणजे एककाच्या घराची बेरीज ४०, दशकाच्या घराची ४०, शतकाच्या घराची ४०. एकूण ४० गुणिले १११, म्हणजे ४४४०. सहा संख्या लिहाव्याही लागल्या नाहीत. पुढे ते २ पासून ९ पर्यंतचे आठही अंक घेतात. संख्या होतात ४०,३२० आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. पाटीवर धूळ पसरून गणित करण्याच्या काळात हे उत्तर दोन गुणाकारांत काढून दाखवणे म्हणजे काय, याचा अंदाज चाळीस हजार संख्या लिहायला बसल्याशिवाय येणार नाही.

पुन्हा येणाऱ्या अंकांची उदाहरणेही तिथे आहेत. २, २, १, १ यांच्या संख्या सहा आणि त्यांची बेरीज ९९९९. ४, ८, ५, ५, ५ यांच्या संख्या २० आणि बेरीज ११,९९,९८८. ही दोन्ही उत्तरे करून पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्यात प्रत्येक घराची बेरीज १०८ येते आणि तिला ११,१११ ने गुणले की झाले. आपल्या ०२१७ ला हीच रीत लावली तर शून्याने सुरू होणाऱ्या मांडण्या धरून २४ संख्यांची बेरीज ६० × ११११ म्हणजे ६६,६६० येते. शून्याने सुरू होणाऱ्या सहा मांडण्या म्हणजे २, १, ७ च्या तीन अंकी संख्या, त्यांची बेरीज २० × १११ म्हणजे २,२२०. वजा केली की १८ संख्यांची बेरीज ६४,४४०. वरच्या यादीची बेरीज करून कुणीही हे तपासावे.

याच प्रकरणात अंकांऐवजी देव येतात. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कवटी, त्रिशूल आणि बाकीच्या. हात बदलत गेले तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म, प्रकार २४. हे निव्वळ गणितासाठी रचलेले उदाहरण नाही. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे घेतात, त्या चोवीस मूर्ती शिल्पशास्त्रात आयुधांच्या क्रमावरूनच ओळखल्या जातात. चार वस्तू, चार हात, चोवीस क्रम, आणि प्रत्येक क्रमाला एक नाव. एकही क्रम मोकळा ठेवलेला नाही.

भास्कराचार्य 'लीलावती' रचत होते त्या बाराव्या शतकातच सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि यण्णीमज्जनाच्या दिवशी या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. नंदीध्वजांच्या सात काठ्या एकामागे एक ५,०४० क्रमांनी चालू शकतात. यात्रेत त्यांतला एकच क्रम चालतो, कारण प्रत्येक काठीचा मान ठरलेला आहे. क्रम म्हणजे केवढी मोठी माहिती असते, हे यातून ध्यानात येते: '५,०४० पैकी हाच' असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. अडुसष्ट लिंगांचे दर्शन किती क्रमांनी घेता येईल हे मोजायला गेलो तर ९७ अंकी संख्या येते. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण ८१ अंकी मानतात. अंक एक-एकाने वाढत असताना क्रम किती वेगाने वाढतात, त्याची ही कल्पना.

आता रस्त्यावर येऊ. सोलापूर आरटीओची गाडी एमएच १३ ची. (अकलूजचे कार्यालय वेगळे झाल्यापासून जिल्ह्याच्या त्या भागातल्या नव्या गाड्यांवर एमएच ४५ असते.) पुढे दोन इंग्रजी अक्षरे आणि शेवटी ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक. आय आणि ओ ही अक्षरे १ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणून टाळतात, तेव्हा प्रत्येक जागेला २४ अक्षरे, दोन जागांच्या ५७६ मालिका, आणि प्रत्येक मालिकेत ९,९९९ गाड्या. गुणाकार ५७,५९,४२४ होतो. एकट्या एमएच १३ साठी एवढी पुंजी आहे.

या ९,९९९ क्रमांकांत चारही अंक वेगळे असलेले किती? पाटीवर शून्य पहिल्या घरातही चालते, ००१३ हा वैध क्रमांक आहे, म्हणून इथे अटीचे घर नाही: १० × ९ × ८ × ७. उत्तर ५,०४०. नंदीध्वजांचे क्रमही ५,०४० होते! सात वेगळ्या वस्तूंचे सगळे क्रम आणि दहा अंकांतून चार निवडून लावलेले क्रम, दोन्ही सारखे, कारण १० × ९ × ८ म्हणजे ७२० आणि ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजेही ७२०. दोन्हीकडे उरलेल्या ७ ने गुणले की झाले. असे योगायोग क्वचितच भेटतात, म्हणून भेटले की मी थांबून पाहतो. उरलेल्या ४,९५९ पाट्यांवर कोणता ना कोणता अंक पुन्हा आलेला असतो. म्हणजे रस्त्यावरच्या जवळजवळ निम्म्या गाड्यांच्या नंबरात अंकाची पुनरावृत्ती असणार. पुष्कळांना ती फार दुर्मीळ वाटते. एखाद्या सिग्नलला उभे राहून दोन-चार मिनिटे पाट्या वाचल्या तर तो समज जातो.

आतापर्यंत आपण क्रम मोजले. कधी कधी नुसती निवड मोजायची असते: दहा अंकांतून चार कोणते घ्यायचे एवढेच, ते कोणत्या घरात बसतील ते नंतर पाहू. इथे सोलापूरचा थेट संबंध येतो, आणि तो फारच थोड्या सोलापूरकरांना ठाऊक असतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्य हा जैन गणिती होऊन गेला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. महावीराचार्याच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात निवडीची सर्वसाधारण रीत स्पष्ट दिलेली आहे: एकापासून चढते अंक एका ओळीत, उतरते अंक दुसऱ्या ओळीत, आणि गुणाकारांचा भागाकार. अकरावीतले एनसीआर ते हेच. त्याचे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांपासून किती चवी होतील? एकेरी सहा, दोन-दोन मिळून १५, तीन-तीन २०, चार-चार १५, पाच-पाच ६, सगळे मिळून १, एकूण ६३. हा ग्रंथ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये छापून निघाला तो सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती देऊन उभ्या केलेल्या या ग्रंथमालेचा पहिला ग्रंथही गणिताने भरलेला होता, यतिवृषभाचा 'तिलोयपण्णत्ती'. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावाने प्राचीन भारतीय गणिताचे दोन महत्त्वाचे ग्रंथ अभ्यासकांच्या हातात दिले. सोलापूरच्या शाळांतून हे सांगितले गेले पाहिजे.

निवड आणि क्रम एकत्र आले की भास्कराचार्यांचा सर्वांत कठीण प्रश्न सुटतो. पाच घरे आहेत, शून्य वापरायचे नाही, आणि पाच अंकांची बेरीज तेरा व्हायला हवी. अशा संख्या किती? इथे अंक दिलेलेच नाहीत, फक्त त्यांची बेरीज दिली आहे. १, १, १, १, ९ चालेल. २, २, ३, ३, ३ चालेल. प्रत्येक गटाचे क्रम वेगळे मोजत बसलो तर दिवस जाईल.

मालदांडी ज्वारीचे तेरा दाणे एका ओळीत मांडा. दाण्यांच्या मध्ये बारा फटी आहेत. त्यांतल्या कोणत्याही चार फटींत काडी ठेवली की ओळीचे पाच तुकडे होतात, प्रत्येकात निदान एक दाणा. तुकड्यांतले दाणे मोजून डावीकडून लिहिले की तयार झाली पाच अंकी संख्या, बेरीज तेरा. उलट, अशी प्रत्येक संख्या काड्यांच्या एकाच मांडणीतून मिळते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: बारा फटींतून चार किती प्रकारे निवडता येतील? १२ × ११ × १० × ९ भागिले १ × २ × ३ × ४. उत्तर ४९५. दाणे-काड्या माझ्या, पण नियम आणि उत्तर भास्कराचार्यांचे.

त्यांनी नियमाला जोडलेली एक सूचना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. बेरीज, घरांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असेल तरच हा नियम लावावा. का? पाच घरांत चार अंक कमीत कमी म्हणजे प्रत्येकी १ घेतले तर पाचवा होतो १३ वजा ४, म्हणजे ९. इथवर ठीक. बेरीज १४ असती तर पाचवा १० झाला असता, आणि एका घरात १० मावत नाही; दाण्यांनी मात्र तो तुकडाही मोजला असता. सूत्र कुठे लागू पडते एवढेच सांगून न थांबता ते कुठे मोडते हे नेमके सांगणारा हा माणूस आहे. आजची किती मार्गदर्शके एवढी काळजी घेतात?

ही सूचना मोडली तर काय करायचे तेही सांगतो, कारण एमएच १३ च्या पाट्यांना ते लागते. चार अंकांची बेरीज १३ असलेले क्रमांक किती? इथे शून्य चालते, म्हणजे तुकडा रिकामाही असू शकतो. तेरा दाणे आणि तीन काड्या मिळून सोळा जागा, त्यांतल्या तीन काड्यांच्या: १६ × १५ × १४ भागिले ६, म्हणजे ५६०. यांत काही तुकडे दहा किंवा जास्त दाण्यांचे झाले आहेत, ते वगळायचे. एखाद्या घरात आधीच दहा दाणे ठेवून द्या. उरलेले तीन दाणे चार घरांत २० प्रकारे वाटता येतात. असे घर चारांपैकी कोणतेही, म्हणून ८०. दोन घरांत दहा-दहा होणे शक्य नाही, तेवढे दाणेच नाहीत. ५६० वजा ८०, म्हणजे ४८० पाट्या. ज्यांना बेरीज ९ ची गाडी हवी असते, त्यांच्यासाठी नेमकी ९ बेरीज असलेले क्रमांक २२० आहेत. आणि बेरीज पुन्हा पुन्हा करत शेवटी ९ येणारे सगळे धरले, म्हणजे १८, २७, ३६ बेरजेचेही, तर ११११. हे ११११ म्हणजे ९,९९९ पर्यंतच्या ९ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या. अंकांची बेरीज ९ ने भागली जाते तेव्हा ते अंक कसेही फिरवले तरी संख्या ९ ने भागली जातेच.

४९५ हा आकडा मराठी गणितप्रेमींना आणखी एका ठिकाणी भेटतो. तीन अंकी कोणतीही संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. शेवटी ४९५ वर येऊन थांबता, कारण ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. भास्कराचार्यांच्या ४९५ शी याचा संबंध नाही, आकडे जुळले इतकेच. चार अंकांसाठी हाच खेळ ६१७४ वर थांबतो, आणि तो शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. १९४६ मध्ये त्यांना हे सापडले. मोठ्या विद्यापीठातली जागा नव्हती, संशोधनाची पदवी नव्हती, अंकांची आवड होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला त्यांचे नाव कळले.

सोलापूरच्या कोडवर करून पाहू. ७२१० वजा ०१२७ म्हणजे ७०८३. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्या. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त लागत नाहीत. पण 'कोणत्याही' असे म्हणायचे तर ०००१ पासूनच्या, चारही अंक सारखे नसलेल्या ९,९९० संख्या तपासायला हव्यात, आणि इथे आपले मोजणे पुन्हा कामाला येते. ०२१७ च्या २४ मांडण्यांपैकी कोणतीही घ्या, पहिली वजाबाकी तीच येते, कारण आपण अंक नव्याने लावतोच. म्हणजे मांडण्या मोजायची गरज नाही, अंकांचे गट मोजायचे. दहा अंकांतून पुनरावृत्तीसह चार अंकांचे गट किती? दाणे-काड्यांच्याच रीतीने, चार दाणे आणि नऊ काड्या, १३ जागांतून ४: म्हणजे ७१५. चारही सारखे असलेले दहा गट सोडून ७०५.

आणखी एक पाऊल टाकता येते. अंक मोठ्यापासून लहानाकडे लावले की वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: पहिल्या आणि चौथ्या अंकांतला फरक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज म्हणजे उत्तर. ०२१७ मध्ये फरक ७ आणि १. ६९९३ अधिक ९०, बरोबर ७०८३. पहिला फरक १ ते ९ कितीही असू शकतो, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, त्याहून मोठा नाही. पहिला १ असेल तर दुसऱ्याला दोन पर्याय, २ असेल तर तीन, असे करत ९ असेल तर दहा. दोन अधिक तीन अधिक चार, दहापर्यंत: ५४. नऊ हजार नऊशे नव्वद संख्यांची पहिली वजाबाकी केली की फक्त चोपन्न उत्तरे शिल्लक राहतात. तेवढी वहीच्या दोन पानांत तपासून होतात, आणि प्रत्येक उत्तर जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत ६१७४ ला पोचते.